तान्ह्या पोरीच्या छातीतलं दूध

अकोल्याला जठारपेठेत आमच्या आळीत कुणाच्या घरी लेकरू झालं की माझ्या आईला बोलावणं यायचं. ती सुईण नव्हती, पैसे घेऊन मालिश करणारी बाईही नव्हती. तिचा हात चांगला, एवढीच तिची ख्याती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती मोरीत पाटावर पाय लांब करून बसायची, इवलंसं लेकरू नडग्यांवर पालथं घ्यायची आणि गडव्यानं पाण्याची धार सोडायची, तेव्हा घरातल्या बाया दारात उभ्या राहून बघायच्या. पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवायची. कानात पाणी जाऊ नये म्हणून डोक्यावर तळहाताचा आडोसा धरायची. एका हातानं मान आणि दुसऱ्या हातानं सगळं लेकरू. आळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली आहेत आणि त्यातली काही आता मला रस्त्यात मोटरसायकलवरून हात करतात.

या आईच्या पोटी मी जन्मले आणि माझी डावी बाजू वाढली नाही. नीटच सांगते, कारण लपवण्यात फार वर्षं गेली. उजवा स्तन आहे, डावा जवळजवळ नाही. तिथं आत ओढलेला एक वण आहे. विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "तान्ही असतानी गळू झालं होतं तुले. दर्यापूरच्या दवाखान्यात कापलं." आम्ही तेव्हा दर्यापूरजवळच्या खेड्यात राहायचो. गळू कुणालाही होतं, त्यामुळे पुढं विचारण्यासारखं मला काही सापडलं नाही.

शिवणकाम मी हौसेनं शिकले नाही. कॉलेजात असताना ब्लाऊज शिवायला टाकायचा म्हणजे माप द्यायचं, आणि माप घेताना समोरची बाई थबकायची, टेप एकदा मागं घेऊन परत लावायची. ते मला सहन व्हायचं नाही. म्हणून मशीन घेतलं आणि स्वतःचे ब्लाऊज स्वतः शिवायला लागले, डाव्या बाजूला आतून कापसाची घडी घालून. त्यातूनच पुढं अमरावतीला दुकान झालं. लग्नाआधी नवऱ्याला सांगायची हिंमत झाली नाही आणि लग्नानंतर सांगायची गरज पडली नाही. तो भला माणूस, "बस, एवढंच?" म्हणाला आणि दिवा मालवला. मी मात्र बराच वेळ रडत होते.

पहिल्या बाळंतपणाला मी अकोल्याला आले. मुलगी झाली. दवाखान्यातल्या नर्सनं निघताना आईला बजावलं होतं: नाळ कोरडी ठेवा, तिला हळद नको, तेल नको, राख नको. मध चाटवू नका, घुटी नको, अंगावरचं दूधच द्या. बाळ हातात घ्यायच्या आधी साबणानं हात धुवा. आईनं यातलं एकूण एक ऐकलं. एक शेजारीण सहाणेवर उगाळलेली घुटी घेऊन आली, तर आईनं तिला दारातूनच वाटी परत दिली. "आजकाल नाही देत थे," म्हणाली. लंगोट उन्हात वाळल्याशिवाय ती बाळाला लावायची नाही. डोळ्यांत काजळही घातलं नाही, टाळूला नुसतं काजळाचं बोट टेकवलं. लोक म्हणतात तशी अडाणी, हट्टी म्हातारी असती तर मी सावध राहिले असते. ती तशी नव्हती, हीच माझी पंचाईत झाली. तिच्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

दूध मला एकाच बाजूनं येत होतं. लेकरू दुसरीकडं तोंड लावायचं आणि चिडायचं. मला स्वतःची लाज वाटायची. आई मात्र माझी पाठ चोळत म्हणायची, "एकीवर जगते लेकरू. काही जीवाले लावून घेऊ नको." त्या दिवसांतल्या तिच्या मायेबद्दल मला काहीच तक्रार नाही, आणि हे लिहिताना तेच जास्त टोचतं.

नाळ पडली तेव्हा बाळाची छाती फुगलेली दिसली. दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी. मी घाबरले. आई हसली.

"दूध चढलं हिले. तान्ह्या पोट्ट्याइले चढते. काढावं लागते थे."

"कसं काढतात?"

"पिळूनच. दुसरं कसं? पोराचं एखादवेळी राहिलं तं चालते. पोरीचं मात्र साफ काढा लागते, नाही तं मोठेपणी बोंड आतच राहते."

तिनं दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबलं आणि खरोखरच पांढरा थेंब आला. आपल्याच पोटच्या पोरीच्या छातीतून दूध आलेलं बघून मी चकित झाले. आईनं तो थेंब बोटानं पुसला आणि परत दाबलं.

त्या दिवसापासून रोज आंघोळीच्या वेळी हे होऊ लागलं. आतल्या खोलीत माझ्या बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर, अंगावर दोन चादरी. मोरी पलीकडं, त्यामुळे दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. न्हाताना लेकरं रडतात हे कुणालाही माहीत असतं. पण हे रडणं वेगळं होतं. मध्येच ते बंद पडायचं, कारण श्वासच अडकायचा, आणि मग फाटल्यासारखं परत सुरू व्हायचं.

"आई, पुरे कर ना आता!"

"थांब वो. उजवीकडून अजून येऊन राहिलं."

"काहून रडून राहिली ती इतकी?"

"रडू दे. रडल्यानं छाती मोकळी होते."

मग न्हालेली, पावडर लावलेली, दुपट्यात गुंडाळलेली पोर माझ्या कुशीत यायची आणि दमून तिथंच झोपायची. आई म्हणायची, "पाह्य, कशी निजली. मोकळं वाटलं तिले." मी तिच्या ओल्या जावळाचा वास घेत पडून राहायचे.

डाव्या बाजूची गाठ तशीच मऊ राहिली. उजवीकडची मात्र कडक झाली, मग लाल. आईला वाटलं, दूध आत गोठलं. तिनं एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावला. त्या दिवशी दुधाऐवजी पिवळं काहीतरी आलं. संध्याकाळी पोर तापली. तोंडात घेईना. उजवा हात हलवला की किंचाळायची. शेजारणीनं मीठ-मिरची ओवाळून टाकली. मी आदल्या दिवशी वांग्याचं भरीत खाल्लं होतं, त्यामुळे झालं, असा दुसरीनं शोध लावला. बाळंतिणीच्या ताटात काय पडलं यावर आळीचं भारी बारीक लक्ष असतं.

सकाळी अमरावतीहून नवरा आला. त्यानं पोरीचं झबलं वर केलं, एकदा पाहिलं आणि रिक्षा आणायला गेला. आई सोबत आली. मला वाटतं, आपणच सगळं नीट सांगू शकू असं तिला वाटलं असावं, कारण लेकरांतलं तिला कळत होतं.

मुलांच्या दवाखान्यातली डॉक्टर पन्नाशीची, चष्म्यावरून बघणारी बाई होती. तिनं झबलं बाजूला केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पिळलं कुणी?"

आई पुढं झाली. "मी काढत होती दूध."

"किती दिवस?"

"दूध चढलं तवापासून. रोज. बिलकुल साफ काढलं, काही ठेवलं नाही." मग आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. "हिच्या वक्ती माह्याच्यानं झालं नव्हतं तसं. मी नवी होती, रडली का सोडून देत होती. दूध आत राहून गेलं अन् गळू झालं. कापा लागलं. म्हणून या पोरीचं म्या नीट काढलं."

हे ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती आणि कबुलीच्याही नाही. तिच्या दृष्टीनं तो अनुभव होता. एकदा हात कच्चा पडला, लेकीचं नुकसान झालं, तेव्हा नातीच्या वेळी हात पक्का ठेवला. इतकी वर्षं ही समजूत तिनं मनाशी बाळगली होती आणि माझ्या लेकरावर ती वापरली होती.

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मला विचारलं, "तुम्हाला कुठल्या बाजूला झालं होतं?"

मी डाव्या बाजूवर हात ठेवला.

"ती बाजू वाढली?"

मी नकारार्थी मान हलवली. नवरा भिंतीकडं बघत होता.

मग तिनं सांगितलं. नवजात बाळाच्या छातीत दूध येतं ते आईच्या अंगातल्या रसांमुळे. मुलगा असो, मुलगी असो, येऊ शकतं. हात लावला नाही तर काही दिवसांत आपोआप जातं. काढायचं काहीच नसतं. पिळलं की आतलं कोवळं मांस चेचतं, जंतू शिरतात, पू होतो. तिनं हे साध्या शब्दांत सांगितलं, पोहे कसे भिजवायचे हे सांगावं इतक्या साध्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. ज्या वणाचं कारण मी आरशासमोर इतकी वर्षं शोधत होते, ते माझ्या आईच्याच हातात होतं.

त्या दिवशी पोरीला भूल देऊन कापलं. पू दोन चमचे निघाला असं नर्स बाहेर येऊन म्हणाली. पोरीच्या हातात सुई, सुईला नळी, आणि छातीवर तिच्या अंगापेक्षा मोठी वाटणारी पट्टी. रोज पट्टी बदलताना जखमेतली कापडाची वात ओढून काढायचे तेव्हा मी खोलीत थांबायचे, कारण निदान कुणीतरी थांबलं पाहिजे होतं. जंतू रक्तात गेले होते. पहिले काही दिवस ती जगेल की नाही हे कुणी स्पष्ट बोलत नव्हतं. मग एका सकाळी ती भुकेनं रडली, माझं तेवढं एका बाजूचं दूध ओढून ओढून प्याली, आणि डॉक्टरनं पहिल्यांदा चष्मा काढून ठेवला.

"वाचली. पण उजव्या बाजूचं आतलं किती उरलं ते मला सांगता यायचं नाही. कदाचित पुरेसं असेल. कदाचित नसेल. मुलगी वयात येईल तेव्हाच दिसेल."

"तोवर काय करायचं?"

"काही नाही. वाट बघायची."

व्हरांड्यात आई बाकावर बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तुझे हात झडले असते तर बरं झालं असतं." आजूबाजूच्या बायकांनी वळून पाहिलं. आईनं ऐकलं, पदर सावरला आणि म्हणाली, "चहा आणू का तुले? सकाळपासून काही पोटात नाही तुह्या." माझं ते बोलणं मी आजवर मागं घेतलेलं नाही. तिनं चहा आणला तेव्हा मी तो पिऊन टाकला, तेही खरं आहे.

त्यानंतर आईनं कुठल्याही लेकराला न्हाऊ घातलं नाही. बोलावणी येत राहिली. ती गुडघे दुखतात म्हणायची. आळीत लोकांनी आपापला अर्थ लावला: नातीला नजर लागली, म्हातारी भ्याली. ती कुणाचं खोडून काढत नसे. मला सुरुवातीला यात पश्चात्ताप दिसला आणि थोडं बरं वाटलं. मग एकदा माहेरी गेले असताना समोरच्या घरातून तसंच रडणं ऐकू आलं, श्वास अडकणारं. दुसरी कुणीतरी बाई बोलावली होती. आई ओट्यावर गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मीच धावत गेले, भांडले, त्या घराशी कायमचं वाकडं घेतलं. परत आल्यावर आईला म्हणाले, "तू एक शब्द बोलली असतीस तर त्या लोकांनी ऐकलं असतं. तुझंच ऐकलं असतं." ती म्हणाली, "माह्या गुडघ्यात लय कळ निघून राहिली आज."

मला या शांतपणाचा संताप येतो. पिळलं ते अज्ञानानं, ते मी कधीतरी पोटात घालू शकेन. पण कळल्यावरही तिनं फक्त स्वतःचे हात बाजूला घेतले. आळीतल्या पोरी तशाच राहिल्या. आणि माझ्या मुलीनं अंघोळीच्या वेळी "आजी, हे काय आहे?" म्हणून वण दाखवला की आई तिलाही तेच सांगायची, "गळू झालं होतं, बाई." तोच आवाज, तेच वाक्य. मी ऐकून दात ओठ खायचे आणि स्वतःही तेच चालू द्यायचे, कारण पाच-सहा वर्षांच्या पोरीला दुसरं काय सांगणार?

दुकानात माप घेताना मला अशा बाया भेटतात. कुणी चांदूर बाजारची, कुणी दर्यापूरकडची. त्या आधीच आखडून उभ्या राहतात, त्यावरून मी ओळखते. टेप मी सैल धरते, नजर वर ठेवते. कधी एखादी आपणहून म्हणते, "लहानपणी गळू झालं होतं मले." मी विचारते, "आईनं सांगितलं?" ती हो म्हणते. सातव्या महिन्याच्या कार्यक्रमाचा ब्लाऊज टाकायला पोटुशा पोरी येतात, त्यांना मी माप घेता घेता बजावते: लेकराची छाती फुगली तर हात लावू देऊ नका, सासूला नाही, आईलाही नाही, लाल झाली तर तडक दवाखाना. काही ऐकतात. काही तोंडाला पदर लावून हसतात आणि "आमच्याकडची बाई लय जुनी आहे ताई, तिले सारं समजते" म्हणतात. पालथ्या घड्यावर पाणी. मी तरीही ओतते.

मुलगी आता सहावीत आहे. गेल्या वर्षापासून माझी नजर तिच्या फ्रॉकवर जाते आणि मी ती ओढून परत आणते. आईनं लेकीकडं असं बघू नये. पण डॉक्टरनं वाट बघायला सांगितली होती आणि ती वाट आता संपत आली होती. डावीकडं कळी आली. मी महिनाभर काही बोलले नाही. मग आणखी एक महिना. अमरावतीच्या एका डॉक्टरला नुसतं विचारून आले. ती म्हणाली, सुरुवातीला बऱ्याच मुलींना एका बाजूनंच येतं, घाई करू नका. मी घाई करत नव्हते. मला तो वण माहीत होता. माझ्या स्वतःच्या अंगावरचा मी रोज बघते.

या दिवाळीच्या सुट्टीत आई आमच्याकडं आली. चुलत भावाचं लग्न होतं म्हणून मुलीला परकर-पोलकं शिवायचं होतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आई खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. मी पोरीला समोर उभं केलं, दंडाचं माप घेतलं, कमरेचं घेतलं, आणि छातीशी आले तेव्हा तीच आखडली. मी ओळखते ते आखडणं.

"आई," ती खाली बघत म्हणाली, "इकडूनच काहून येऊन राहिलं? इकडं काहीच नाही. माझ्या मैत्रिणींना दोन्हीकडं आहे."

मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. येईल हळूहळू, सगळ्यांचं सारखं नसतं, असं काहीसं. पण माझ्या तोंडात आलं ते भलतंच. "तू तान्ही असताना..." एवढं मी म्हणाले आणि पुढचे शब्द मला ऐकू आले. ते माझ्या आईचे होते. मी तिथंच थांबले.

आईच्या हातातली मेथीची जुडी परडीत पडली.

"गळू नोहोतं थे," ती म्हणाली. "आपोआप नाही झालं. मी पिळत होती तुले. रोज, न्हाऊ घालतानी. माह्या हातानं झालं थे. तुह्या आईचंही म्याच केलं."

इतक्या वर्षांत जे ऐकायला मी भांडले, ते ऐकून मला बरं वाटलं नाही. पोरीनं आधी माझ्याकडं पाहिलं, माझ्या ब्लाऊजकडं पाहिलं, आणि मग आजीकडं वळली. तिला रडू येईल असं मला वाटलं. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं,

"मी रडत नव्हती का, आजी?"

"लय रडत होती, बाई," आई म्हणाली. "तुही आई तिकून ओरडून राहिली होती, पुरे कर म्हणून. तिच्या वक्ती मी सोडून देत होती. तुह्या वक्ती नाही सोडलं."